घरी बांधलेलं आरएस-२३२ सर्किट आणि जुनं सीएनसी मशीन: बिघाड नेमका कुठे आहे ते शोधण्याची रीत

भोसरी, पिंपरी, पर्वतीच्या औद्योगिक वसाहतींत पंचवीस-तीस वर्षांची सीएनसी मशीनं आजही दोन-दोन पाळ्यांत चालतात. बेड चांगला, स्पिंडल चांगला, पण प्रोग्रॅम आत-बाहेर करायला वाट एकच: पॅनेलच्या बाजूला असलेलं, आरएस-२३२ या जुन्या सिरियल पद्धतीचं पंचवीस पिनांचं सॉकेट. आजच्या लॅपटॉपला तसला पोर्ट नाही. तयार यूएसबी केबल एका मशीनवर चालते, शेजारच्यावर चालत नाही. मग ज्याला सोल्डरिंग येतं तो स्वतःच सर्किट बांधतो, आणि पहिल्याच दिवशी ऑपरेटर सांगतो, ‘साहेब, मशीन घेतच नाही.’

अशा वेळी बहुतेक जण दोन गोष्टी करतात. मॅक्स २३२, म्हणजे आरएस-२३२ चे व्होल्टेज तयार करणारा आयसी, बदलतात, नाहीतर मशीनचे पॅरामीटर हलवून बघतात. दोन्हींत दिवस जातो. माझं मत असं की मशीनला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी सर्किटचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा स्वतःशी नीट बोलतो का ते पाहायचं. मशीनशी जोडल्यावरही पहिल्यांदा मशीनला बोलू द्यायचं, आपण ऐकायचं. मशीनमधून डेटा बाहेर काढण्यात कसलाच धोका नाही. आत घालण्यात मात्र आहे, कारण चुकीच्या सेटिंगवर चढवलेला प्रोग्रॅम अर्धवट बसतो आणि चुकीची पॅरामीटर फाइल चढली तर मशीन उभंच राहतं.

कुठल्या सर्किटबद्दल बोलतोय

लॅपटॉपच्या बाजूला यूएसबी-टीटीएल मॉड्यूल, एफटी२३२ किंवा सीएच३४० चिपचं. त्यापुढे ६एन१३७ जातीचे दोन ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पुढे देऊन दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारे), एक जाणाऱ्या डेटासाठी आणि एक येणाऱ्यासाठी. त्यापलीकडे मॅक्स २३२ आणि डीबी-२५ प्लग. मशीनच्या बाजूच्या भागाला वीज बी०५०५एस या छोट्या आयसोलेटेड कन्व्हर्टरमधून. हे सगळं सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं. मॅक्स २३२ घ्यायला गेलात की दोन वेगळ्या मेकचे घ्या आणि सोळा पिनांचं सॉकेट विसरू नका. नकली मॅक्स २३२ बाजारात भरपूर आहेत. काही पहिल्या मिनिटातच गरम होतात, काही महिनाभर चालून मग तापतात. आयसी थेट बोर्डावर सोल्डर केला असेल तर खालच्या निम्म्या चाचण्या करताच येणार नाहीत.

तुमच्या सर्किटमध्ये ऑप्टो नसतील तर तो टप्पा सोडून वाचा. पण जमिनीवर अर्थिंगचा भरवसा नसलेल्या शेडमध्ये मी ऑप्टोशिवाय लॅपटॉप जोडत नाही. लॅपटॉपच्या दोन पिनी चार्जरमुळे त्याच्या धातूच्या अंगाला अर्थच्या तुलनेत पन्नास-शंभर व्होल्ट एसी दिसणं नेहमीचं आहे. करंट अगदी किरकोळ असतो, बोटाला झिणझिण्या येतील इतकाच. पण प्लग लावताना ग्राउंडच्या आधी डेटाची पिन टेकली तर तेवढा झटका जुन्या कंट्रोलच्या रिसीव्हर आयसीला पुरतो. त्यामुळे ऑप्टो असोत वा नसोत, प्लग लावताना आणि काढताना मशीनचा कंट्रोल बंद ठेवा.

आधी मशीनच्या सॉकेटला मीटर लावा

सर्किट बाजूला ठेवा. मशीनचं सॉकेट बहुधा बाहेरच्या पॅनेलवर असतं, त्यामुळे इलेक्ट्रिकल कॅबिनेट उघडायची गरज नाही. आत ४१५ व्होल्ट आहेत. तिथे सिरियल केबलचं काही काम नाही.

मशीन चालू करा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार पिन ७ वर. ही सिग्नल ग्राउंड. आता लाल तार पिन २ वर टेकवा. मशीन गप्प असताना इथे उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या दरम्यान काहीतरी दिसायला हवं. हीच मशीनची बोलण्याची पिन. आरएस-२३२ मध्ये गप्प लाइन म्हणजे तर्कातला १, आणि १ म्हणजे ऋण व्होल्टेज. पिन ३ ही मशीनची ऐकण्याची पिन, ती शून्याच्या आसपास राहील. मशीन बंद करून पिन ३ आणि ७ मध्ये रेझिस्टन्स मोजलात तर साधारण ३ ते ७ किलोओहम यायला हवा, कारण रिसीव्हरच्या आत तेवढा रेझिस्टन्स असावा असं मानकच सांगतं. अगदी शून्य आला किंवा पूर्ण ओपन दिसला तर कंट्रोलच्या बोर्डावरचा १४८९ किंवा तत्सम रिसीव्हर गेला असण्याची शक्यता मोठी, आणि मग तुमच्या सर्किटला दोष देण्यात अर्थ नाही.

फॅनक कंपनीचा कंट्रोल असेल तर पिन २५ जरूर मोजा. तिथे २४ व्होल्ट असतात. पूर्वीच्या टेप रीडरसारख्या उपकरणांना वीज देण्यासाठी ती सोय होती. म्हणूनच पंचवीसच्या पंचवीस तारा सरळ जोडलेली तयार केबल फॅनकला कधीच लावायची नाही. आपल्याला तीन तारा आणि काही जम्पर एवढंच लागतं.

कुठल्याच पिनवर ऋण व्होल्टेज दिसलं नाही तर थांबा. जुन्या सिमेन्सच्या काही कंट्रोलना आणि सिमॅटिक एस-५ पीएलसीच्या प्रोग्रॅमिंग पोर्टला आरएस-२३२ नसून २० मिलिअँपिअरचा करंट लूप असतो. तिथे मॅक्स २३२ चं सर्किट चालणार नाही, कितीही दुरुस्त केलं तरी.

वीज: आयसी काढून, मग घालून

आता टेबलावर. मॅक्स २३२ सॉकेटमधून काढा, यूएसबी लावा आणि सॉकेटच्या १६ आणि १५ या भोकांत व्होल्टेज मोजा. पाच अपेक्षित आहेत. इथे एक गंमत होते. बी०५०५एस हा रेग्युलेटर नाही. त्यावर भार नसेल तर आउटपुट पाचाच्या बरंच वर चढतं, आणि मॅक्स २३२ ची कमाल मर्यादा ६ व्होल्ट आहे. मीटरवर साडेपाचाच्या वर काही दिसलं तर आउटपुटवर २७० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका. एक वॅटच्या या कन्व्हर्टरला कमाल २०० मिलिअँपिअर देता येतात आणि निदान दहा टक्के भार कायम हवा असतो. हा रेझिस्टर जवळजवळ तेवढा घेतो, बाकीचा आयसी घेतात.

याच वेळी मीटर कंटिन्युइटीवर ठेवून, वीज काढून, यूएसबीचं ग्राउंड आणि डीबी-२५ ची पिन ७ यांत बीप येते का पाहा. येता कामा नये. ‘ग्राउंड कॉमन पाहिजे’ हे आपल्या डोक्यात इतकं बसलेलं असतं की ऑप्टो लावूनही दोन्ही ग्राउंड जोडून ठेवलेले बोर्ड मी अनेकदा पाहिलेत. दुसरी चोरवाट म्हणजे लोखंडी डबा: यूएसबीचं कवच डब्याला टेकतं, डीबी-२५ चं कवचही डब्याला टेकतं, आणि आयसोलेशन संपलं. प्लास्टिकचा डबा वापरा.

मॅक्स २३२ एकटाच

आयसी घाला. पिन ११ आणि १३ ला काही जोडू नका. पिन १५ च्या तुलनेत पिन २ वर अधिक ८ ते १० आणि पिन ६ वर उणे ८ ते १० व्होल्ट हवेत. आयसी पाच व्होल्टांतून हे दोन्ही स्वतः तयार करतो, बाहेरच्या कपॅसिटरच्या मदतीने. पिन २ वर आहे पण ६ वर नाही, असं दिसलं की ९० टक्के वेळा कपॅसिटर उलटा असतो. पिन ६ चा कपॅसिटर फसवा आहे: ती पिन ऋण असल्याने कपॅसिटरचं धन टोक ग्राउंडला आणि ऋण टोक पिन ६ ला जातं. १-३ आणि ४-५ मधले दोन सरळ आहेत; १ धन, ३ ऋण, आणि ४ धन, ५ ऋण. साध्या मॅक्स २३२ ला १ मायक्रोफॅरड लागतात. मॅक्स २३२ए आणि मॅक्स २०२ ला ०.१ चालतात. साध्या आयसीला ०.१ लावले तर भार नसताना व्होल्टेज दिसतं आणि मशीन जोडल्यावर कोसळतं, म्हणून हे मोजमाप मशीन जोडून पुन्हा एकदा करायचं.

आता पिन १४ मोजा. पिन ११ ला आतून पुल-अप (वर खेचून धरणारा रेझिस्टर) असल्याने मोकळी सोडली तरी ती १ मानली जाते, त्यामुळे १४ वर उणे ७ ते उणे ९ दिसेल. एका तारेने ११ ग्राउंडला टेकवा. १४ ने उडी मारून तेवढंच धन झालं पाहिजे. मग १४ आणि १३ जोडा आणि तीच चाचणी करताना पिन १२ पाहा: ११ ग्राउंडला तर १२ शून्याजवळ, ११ मोकळी तर १२ पाचाजवळ. एवढं झालं की हा आयसी निर्दोष आहे, त्याच्याकडे पुन्हा वळायचं नाही. बोट ठेवून पाहायला मात्र विसरू नका. चटका बसला तर आयसी नकली आहे किंवा कुठेतरी आउटपुट शॉर्ट आहे.

ऑप्टो: बहुतेक सर्किटं इथेच अडतात

६एन१३७ मध्ये आतला एलईडी लागला की आउटपुट खाली जातं. म्हणून एलईडीचं धन टोक ३९० ओहममधून पाच व्होल्टांना आणि ऋण टोक मॉड्यूलच्या टीएक्सडीला, म्हणजे पाठवण्याच्या पिनला, जोडायचं. लाइन गप्प असताना टीएक्सडी वर असते, एलईडी बंद, आउटपुटही वर. एलईडी टीएक्सडी आणि ग्राउंडच्या मध्ये लावला की सगळं उलटं होतं. ओळखायचं कसं? गप्प असताना मॅक्स २३२ च्या पिन १४ वर ऋणाऐवजी धन व्होल्टेज दिसेल.

मॉड्यूलवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जम्पर असतो. तो ३.३ वर आणि एलईडीचं धन टोक ५ वर असेल तर टीएक्सडी वर असतानाही एलईडीवर १.७ व्होल्ट राहतात आणि तो पूर्ण विझत नाही. अशा सर्किटचं वागणं पाहून माणूस वेडा होतो: सकाळी चालतं, दुपारी चालत नाही. दोन्ही एकाच व्होल्टेजवर आणा, ३.३ वर आणलंत तर रेझिस्टर १८० ओहमच्या आसपास घ्या.

येणाऱ्या बाजूला जरा मोठा घोळ असतो. मॅक्स २३२ ची पिन १२ खाली खेचताना ३.२ मिलिअँपिअरची हमी देते. ६एन१३७ च्या एलईडीला ५ च्या वर लागतात, आणि ७-८ दिलेले बरे. म्हणजे पिन १२ ने थेट एलईडी चालवायचा म्हटलं तर कागदावरच हिशेब बसत नाही. काही आयसी जमवून घेतात, काही घेत नाहीत. म्हणूनच ‘आयसी बदलला आणि चाललं’ अशा कथा जन्माला येतात. उपाय साधा आहे: एक बीसी५५७. एमिटर पाच व्होल्टांना, बेस ४.७ किलोओहममधून पिन १२ ला, कलेक्टरपासून ३९० ओहम आणि मग एलईडी ग्राउंडला. पिन १२ खाली गेली की ट्रान्झिस्टर सुरू, एलईडी सुरू, आउटपुट खाली. दिशा बदलत नाही.

आउटपुटला १ किलोओहमचा पुल-अप हवा, आणि ६एन१३७ च्या पिन ८ व ५ मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आयसीला चिकटून हवा. तो नसेल तर ६एन१३७ विनाकारण थरथरतो.

६एन१३७ मिळाला नाही म्हणून कुणी पीसी८१७ किंवा ४एन३५ लावला असेल तर लक्षण ठरलेलं: १२०० बॉडवर (सेकंदाला १२०० बिट) सगळं छान, ९६०० वर कचरा. हे ऑप्टो बंद व्हायला वेळ घेतात. पुल-अप १० किलोओहमचा असेल तर तो वेळ दहा-वीस मायक्रोसेकंदांवरून शंभराकडे जाऊ शकतो, आणि ९६०० बॉडवर एक बिट असतोच १०४ मायक्रोसेकंदांचा. पुल-अप कमी करून थोडं सुधारेल. खरा इलाज मात्र ६एन१३७ हाच.

लूप-बॅक तीन ठिकाणी

लूप-बॅक म्हणजे पाठवलेलं स्वतःकडेच परत फिरवून पाहणं. कुठलाही टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, लोकल एको बंद करा, हँडशेक बंद ठेवा. पहिलं ठिकाण: मॉड्यूलच्या टीएक्सडी आणि आरएक्सडी (ऐकण्याची पिन) आपसात जोडा. टाइप केलेलं अक्षर परत आलं पाहिजे. जोड काढली की अक्षर येणं थांबलंच पाहिजे. थांबलं नाही तर तो लोकल एको होता.

दुसरं ठिकाण: मॅक्स २३२ काढून सॉकेटच्या ११ आणि १२ या भोकांत तारेचा तुकडा. आता अक्षर दोन्ही ऑप्टोंतून फिरून येतं. तिसरं ठिकाण: आयसी परत घालून डीबी-२५ प्लगच्या २ आणि ३ जोडा. पहिलं जमलं आणि दुसरं नाही तर दोष ऑप्टोत. दुसरं जमलं आणि तिसरं नाही तर मॅक्स २३२ किंवा प्लगचं सोल्डरिंग. एकेक अक्षर टाइप करून समाधान मानू नका. पाच-सहाशे ओळींची फाइल ९६०० वर पाठवा आणि परत आलेली फाइल मूळ फाइलशी ताडून पाहा.

लूप-बॅकला काय कळत नाही तेही लक्षात असू द्या. बॉड आणि पॅरिटी (चूक पकडायला अक्षरासोबत जोडलेला जादा बिट) चुकीची असली तरी लूप-बॅक पास होतो, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकच. आणि प्लगमध्ये २ आणि ३ ची अदलाबदल झाली असेल तर तीही तो पकडत नाही. त्यासाठी मीटर: तुमच्या प्लगवर ऋण व्होल्टेज पिन ३ वर दिसलं पाहिजे, कारण मशीनची ३ ऐकते. मशीनवर आधी मोजलं तेव्हा ते २ वर होतं. दोघांचं ऋण एकाच पिनवर आलं तर दोन बोलणारे समोरासमोर जोडलेत.

मशीनला जोडताना

मॅक्स २३२ ची पिन १४ जाते मशीनच्या ३ ला, १३ येते मशीनच्या २ कडून, ग्राउंड ७ ला. शिवाय मशीनच्या बाजूच्या प्लगमध्ये ४ आणि ५ एकमेकांना, आणि ६, ८, २० एकमेकांना जोडा. म्हणजे मशीनने विचारलेल्या ‘तयार का?’ या प्रश्नाला मशीनच स्वतःला ‘तयार’ म्हणून उत्तर देतं. केबलची जाळी फक्त एका टोकाला, मशीनच्या बाजूला, पिन १ किंवा कवचाला जोडा.

फॅनकच्या १६, १८, २१ आणि ०-आय या मालिकांत पॅरामीटर २० मध्ये चॅनेल असतो. तिथे ० असेल तर १०१, १०२, १०३ पाहायचे आणि १ असेल तर १११, ११२, ११३. १०३ मध्ये १० लिहिलं असेल तर ४८०० बॉड, ११ असेल तर ९६००. जुन्या ०-सी कंट्रोलचे क्रमांक वेगळे आहेत, त्यासाठी मशीनसोबतचं पुस्तकच उघडावं. पॅरामीटर नुसते वाचा आणि कागदावर लिहून घ्या. सेटिंग लॅपटॉपचं बदलायचं. मशीन आजवर कुणाशी तरी नीट बोलत होतं हे विसरू नका.

लॅपटॉपवर सुरुवात अशी: ४८०० बॉड, सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट, एक्सऑन-एक्सऑफ (‘चालू’ आणि ‘थांब’ या खुणा) सुरू. मशीन एडिट मोडमध्ये घ्या, टर्मिनलमध्ये फाइलमध्ये साठवणं सुरू करा आणि मशीनवरून एक छोटा प्रोग्रॅम पंच करा, म्हणजे बाहेर पाठवा.

अलार्म आले तर फॅनकवर तीनच बहुतेक वेळा भेटतात. ०८६ म्हणजे रेडी सिग्नल नाही: ६-८-२० चा जम्पर तुटलाय किंवा चुकीच्या पिनवर बसलाय. ०८५ म्हणजे अक्षर पोचलं पण पॅरिटी, स्टॉप बिट किंवा बॉड जुळला नाही. त्याचा चांगला अर्थ असा की तारा बरोबर आहेत. ०८७ बद्दल पुढे सविस्तर. अलार्म नाही पण प्रोग्रॅम चढवताना पडद्यावर एलएसके (लेबल स्किप) नुसतं चमकत राहतं, तर कंट्रोल पहिल्या ओळीच्या शेवटाची वाट पाहतोय. डेटा पोचतच नाही किंवा फाइलच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि नवी ओळ नाही. एडिट मोड आणि प्रोग्रॅम प्रोटेक्टची किल्लीही एकदा बघून घ्या. किल्ली सुपरवायझरच्या खिशात आणि आपण सोल्डरिंग तपासतोय, असं होतं.

कचरा अक्षरं वाचायला शिका

ऑसिलोस्कोप नसला तरी आलेला कचराच खूप सांगतो. तो पुसून टाकू नका.

मशीन सात बिट आणि इव्हन पॅरिटीत बोलतंय आणि टर्मिनल आठ बिट, पॅरिटी नाही, असं लावलंय असं समजा. मग पॅरिटीचा बिट आठवा बिट म्हणून वाचला जातो. ज्या अक्षरात एकांची संख्या सम आहे त्याची पॅरिटी ०, ते अक्षर जसंच्या तसं दिसतं. विषम असेल तर पॅरिटी १, आणि अक्षर भलतंच दिसतं. त्यामुळे ०, ३, ५, ६, ९ हे आकडे शाबूत येतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात. अक्षरांत जी, एन, एम, एस, वाय, झेड ठीक. एक्स, एफ, टी, ओ बिघडलेली. विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य अक्षरसंचात टक्क्याच्या जागी येनचं ¥ हे चिन्ह, एकाच्या जागी ±, दोनाच्या जागी वर चढवलेला चिमुकला दोन दिसतो. दुसऱ्या संचात चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतील. फाइलची पहिली ओळ ¥ असेल तर पुढचं काहीही न पाहता पॅरिटी बदला.

याच कारणाने चाचणीसाठी फक्त इंग्रजी यू हे अक्षर पाठवू नका. त्याचे बिट एकाआड एक असल्याने स्कोपवर सुंदर चौकोनी लहर दिसते आणि बॉड मोजायला ते उत्तम आहे: ४८०० ला एक बिट २०८ मायक्रोसेकंद. पण त्यात चार एक आहेत, पॅरिटी ०, म्हणून पॅरिटी चुकलेली असली तरी यू व्यवस्थितच पोचतं. सोबत एक्स किंवा एक हा आकडाही पाठवा.

बॉड चुकला असेल तर कचऱ्याचं रूप वेगळं असतं. एकही ओळखीचं अक्षर सापडत नाही, तीच तीन-चार विचित्र चिन्हं पुन्हापुन्हा येतात, आणि फाइलची लांबीही बदलते. टर्मिनल मशीनपेक्षा हळू असेल तर अक्षरं कमी भरतात. एकच प्रोग्रॅम दोनदा पंच केल्यावर दोन्ही वेळा तोच कचरा आला तर सेटिंग चुकलंय. दर वेळी वेगळा आला तर नॉइज, ग्राउंड किंवा सुटलेलं सोल्डरिंग.

छोटा प्रोग्रॅम जातो, मोठा अडकतो

हे ०८७ चं घर. मशीनचा बफर भरत आला की ते थांबण्याची खूण पाठवतं, एक्सऑफ. खूण दिल्यावरही डेटा येतच राहिला तर फॅनक आणखी १० अक्षरं सोसतो, मग अलार्म देतो. अक्षरामागे अकरा बिट धरले तर ४८०० बॉडवर दहा अक्षरांना सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, ९६०० वर साडेअकरा. एक्सऑफची खूण यूएसबीतून लॅपटॉपपर्यंत जाऊन, प्रोग्रॅमला कळून, पाठवणं थांबेपर्यंत तेवढा वेळ सहज निघून जातो. शिवाय चिपच्या बफरमध्ये आधीच उतरलेली अक्षरं बाहेर पडतातच. म्हणून या कामाला मी एफटी२३२ वापरतो. एक्सऑफ ही चिप स्वतःच ओळखते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिच्या पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये ट्रान्समिट बफर कमी करा आणि १६ मिलिसेकंदांचा लेटन्सी टायमरही खाली आणा. तरी जमलं नाही तर ४८०० वर समाधान माना. मशीनला घाई नसते.

इथेही पॅरिटी डाव साधते. एक्सऑफच्या संकेतात तीन एक आहेत, म्हणून इव्हन पॅरिटीसकट तो वेगळा आकडा होतो. एक्सऑनमध्ये दोनच एक, त्यामुळे तो बदलत नाही. पोर्ट आठ बिटांवर उघडलेला असेल तर लॅपटॉपला ‘चालू’ ऐकू येतं, ‘थांब’ ऐकू येत नाही. छोट्या प्रोग्रॅममध्ये थांबायची वेळच येत नाही, म्हणून हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

स्पिंडल फिरला की बिघडतं

गुरुवारी सुट्टीच्या दिवशी शेड शांत असताना सगळं पास होतं आणि शुक्रवारी पहिल्या पाळीत ०८५ येतो, तर सर्किटमध्ये शोधू नका. केबल कुठून जाते ते पाहा. ड्राइव्हच्या मोटर केबलशेजारून एकाच नळीत गेली असेल तर वेगळी काढा, आणि जिथे ओलांडावंच लागेल तिथे काटकोनात ओलांडा. सिरियल केबल १५ मीटरच्या आत ठेवा. शेजारच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (नॉइज दाबणारं छोटं सर्किट) आहे का पाहा, कूलंट पंपाचा कॉन्टॅक्टर विशेषतः. मशीनच्या अर्थ आणि न्यूट्रलमध्ये एसी व्होल्टेज मोजा. एक-दोन व्होल्टांपेक्षा बरंच जास्त असेल तर वायरमनला बोलवा. एप्रिल-मे महिन्यांत कोरडा पडलेला अर्थपिट हे आपल्याकडचं नेहमीचं कारण.

काम झाल्यावर पहिलं काम

डेटा नीट यायला लागला की प्रोग्रॅम चढवायची घाई करू नका. आधी मशीनमधलं सगळं बाहेर काढा: पॅरामीटर, ऑफसेट, प्रोग्रॅम, मॅक्रो, आणि कंट्रोल देत असेल तर पीएमसीचे (कंट्रोलमधल्या पीएलसीचे) पॅरामीटरही. प्रत्येक गोष्ट दोनदा पंच करून दोन फाइली अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा. पॅरामीटरची फाइल हजारो अक्षरांची असते, त्यामुळे तुमच्या सर्किटची याहून कडक परीक्षा नाही. एका जागीही फरक दिसला तर अजून चढवायला सुरुवात करू नका, मागे जाऊन लूप-बॅकपासून पाहा. फाइलच्या नावात मशीनचा क्रमांक आणि तारीख टाका, एक प्रत शेडबाहेर ठेवा. जुन्या फॅनकमध्ये ही माहिती बॅटरीवर टिकते. ०-सी मध्ये मोठ्या आकाराचे तीन साधे सेल, मिळून साडेचार व्होल्ट. ते बदलताना कंट्रोल चालू ठेवायचा असतो, आणि हे नव्या पोराला तोंडी सांगून भागत नाही. बॅटरीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा.

मग पहिला प्रोग्रॅम चढवा, असा क्रमांक देऊन जो मशीनमध्ये आधीपासून नाही. चढला की लगेच परत पंच करून मूळ फाइलशी ताडा, आणि पहिला तुकडा सिंगल ब्लॉकवर, फीड ओव्हरराइडवर हात ठेवून चालवा.